उसाच्या ट्रकला विजेची मोटार : आधी हिशेब, मग वेल्डिंग



गेल्या हंगामात केन यार्डात आणि गट कार्यालयात काही तरुण वाहतूकदार आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारीत होते. "साहेब, रेल्वेचं डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि चाकं विजेच्या मोटारी फिरवतात म्हणे. मग आपल्या जुन्या ट्रकला तसंच केलं तर डिझेल निम्म्यावर येईल का?" एकाने तर बेतही सांगितला. जुने इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवायचा, जागेवर सेकंडहँड ४० केव्हीएचा जनसेट बसवायचा, प्रोपेलर शाफ्टला विजेची मोटार जोडायची आणि हौद्याखाली ट्रकच्या बॅटऱ्यांची रांग लावायची. फिटर ओळखीचा होता आणि पैशांसाठी पुढच्या हंगामाची उचल डोळ्यांसमोर होती.

आम्ही शेतकी खात्याची माणसे, इंजिनियर नाही. परंतु हा प्रश्न एकट्या वाहतूकदाराचा नाही. एफआरपीच्या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेले पैसे सभासदाच्या खात्यावर जमा होतात. म्हणजे ट्रकच्या टाकीत जाणारे डिझेल शेवटी प्रत्येक ऊस उत्पादकाच्या बिलातून जाते. शिवाय हंगामाच्या मध्यावर असा प्रयोग फसला आणि भरलेली गाडी वाटेत उभी राहिली, तर तिच्यातला तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही घटतो. सबब या विषयाचा नीट हिशेब मांडण्याचे आम्ही ठरविले. हिशेबाला फक्त गुणाकार-भागाकार लागतो. सभासदांनी पेन्सिल घेऊन बसावे.

१. रेल्वेचे इंजिन काय करते?

आपल्या जिल्ह्यातून दौंड-मनमाड हा १८७८ साली सुरू झालेला लोहमार्ग जातो. अहिल्यानगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव ही त्यावरची आपल्या ओळखीची स्थानके. या मार्गावर वर्षानुवर्षे डिझेल इंजिनांनी गाड्या ओढल्या. त्यांतले सर्वांना परिचित इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. त्याची पहिली इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेतील अल्को कंपनीकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १६ सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती. डिझेल इंजिन जनरेटर फिरवी, जनरेटरची वीज आसांवरच्या सहा मोटारींना जाई आणि त्या मोटारी चाके फिरवीत.

आता नीट लक्ष द्या. रेल्वेने ही पद्धत डिझेल वाचविण्यासाठी घेतलेली नाही. अडचण होती गिअर आणि क्लचची. हजारो टनांची गाडी जागची हलवायला २६०० अश्वशक्ती क्लचमधून सोडली, तर क्लच जळून जाईल. विजेच्या मोटारीचा गुण असा की ती अगदी मंद फिरत असतानाही पूर्ण जोर देते. म्हणून रेल्वेने वीज मध्ये घातली. खाणींतले दीड-दोनशे टनी डंपर याच कारणाने असे चालतात.

दुसरी गोष्ट, हे इंजिन हायब्रिड नव्हे. हायब्रिड म्हणजे ज्यात गाडी थांबवताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवून पुन्हा वापरता येते अशी गाडी. उतारावर मोटारींचा ब्रेक म्हणून उपयोग केला, तर या डिझेल इंजिनात तयार होणारी वीज लोखंडी जाळ्यांमध्ये तापवून हवेत सोडून दिली जाते. म्हणजे रेल्वेचे उदाहरण देऊन बचतीचे गणित मांडता येत नाही.

२. एका लिटरमध्ये किती युनिट?

वीज बिलातले युनिट सर्वांना ठाऊक आहे. तेच माप आपण डिझेलला लावू.

एक लिटर डिझेल पूर्ण जळाले म्हणजे सुमारे १० युनिट उष्णता मिळते. चांगले ट्रक इंजिन चांगल्या वेगावर त्यातली सुमारे ४ युनिट शाफ्टवर देते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातात.

ही ४ युनिट गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधून चाकापर्यंत जाताना सुमारे ३.६ उरतात. दात्यावर दाता चालतो, तेलात चालतो, त्यामुळे नुकसान थोडे.

आता वीज मध्ये घाला. साधा जनरेटर शंभरातले ९० देतो. कंट्रोलर त्यातले ९५ टक्के पुढे सोडतो. साधी मोटार त्यातले ९० टक्के. डिफरन्शियल तर ठेवावेच लागते, ते ९५ टक्के. गुणाकार करा. ४ युनिटांतली चाकावर सुमारे २.९ पोहोचतात. अगदी उत्तम, महागडे साहित्य घेतले तरी ३.२ च्या आसपास. म्हणजे सपाट रस्त्यावर एकसारखा चालणारा ट्रक या बदलाने जास्त डिझेल खाईल. उत्तम साहित्यात सुमारे १० टक्के, साध्या साहित्यात २० टक्क्यांहून अधिक.

मग हायब्रिड गाड्या डिझेल वाचवतात ते कसे? वाया जाणारे परत मिळवून. तेव्हा आपल्या ट्रकचे काय आणि किती वाया जाते, ते पाहिले पाहिजे.

३. ब्रेकमध्ये किती जाते?

हिशेबाला सोपे म्हणून ट्रक आणि ऊस मिळून २५ टन धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेल्या या गाडीच्या अंगात किती शक्ती आहे? गणिताने ती येते ०.४३ युनिट. अर्धे युनिटसुद्धा नाही. ब्रेक मारून गाडी थांबवली की ही सारी शक्ती ब्रेक ड्रम तापवण्यात जाते. हायब्रिड गाडीत मोटारच जनरेटर होऊन ती पकडते, पण बॅटरीत जाता-येता आणि पुन्हा चाकावर येताना निम्मी गळते. हाती उरते ०.२१ युनिट. डिझेलच्या मापात सुमारे ६० मिलिलिटर. चहाचा छोटा कप.

मुंबईच्या बसला हे परवडते. एमएमआरडीएने २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटांच्या २५ डिझेल-विद्युत हायब्रिड बस घेतल्या. शहरी बस अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर थांबते, दिवसाकाठी शेकडो वेळा. तिचे शेकडो कप होतात. आपला ट्रक शेतातून निघाला की कारखान्याच्या फाटकापर्यंत पूर्ण थांबतो किती वेळा? गावातले गतिरोधक, चौक, रेल्वे फाटक मिळून दहा वेळा धरू. भरलेल्या खेपेत ६०० मिलिलिटर आणि रिकाम्या परतीत वजन कमी म्हणून ३००-३५० मिलिलिटर. सारी मिळून एका खेपेत सुमारे एक लिटर.

"आणि घाटात, साहेब?" हाही प्रश्न आला. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाटाकडून येणाऱ्या गाड्यांसाठी हा प्रश्न रास्त आहे. २५ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरली तर ६.८ युनिट मोकळी होतात. तीन किलोमीटरच्या उतारावर रस्त्याचे घर्षण आणि हवा त्यातली अडीच खातात. राहतात ४.३ युनिट. ती पकडता आली तर परत मिळणारे डिझेल सुमारे अर्धा-पाऊण लिटर.

पण ती पकडायची कशी? हा उतार सहा मिनिटांत संपतो. सहा मिनिटांत ४.३ युनिट म्हणजे ४३ किलोवॅटने चार्जिंग. ट्रकची १२ व्होल्ट, १८० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी साधारण दोन युनिटांची असते आणि तिला चार्ज व्हायला पाच-दहा तास लागतात. त्याहून घाई केली तर पाणी उकळते आणि हायड्रोजन वायू सुटतो. ४३ किलोवॅट सुखाने घ्यायला अशा शंभर बॅटऱ्या लागतील. एकीचे वजन सुमारे ५० किलो, म्हणजे पाच टन! तेवढा ऊस कमी भरावा लागेल. तीन आसांच्या दहा चाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ पासून २८.५ टन आहे आणि बॅटरीही त्याच वजनात मोजली जाते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत हेच काम तीन-चारशे किलोंत होते. पण ती पेटी, तिचे रक्षक सर्किट आणि तिला थंड ठेवण्याची व्यवस्था हे गावच्या वेल्डिंगच्या दुकानातले काम नाही.

४. जोर कुठून आणायचा?

बेतातला ४० केव्हीएचा जनसेट फार तर ३२ किलोवॅट देतो. चाकापर्यंत जाता-जाता २५-२७ उरतात. २५ टनांची गाडी सपाट डांबरीवर तेवढ्यात ताशी ३२-३४ किलोमीटरने कशीबशी चालेल. चार टक्क्यांचा चढ लागला की तिचा वेग ताशी आठ किलोमीटरवर येईल. मागे एसटी, मोटारी, टायरगाड्या यांची रांग लागेल.

शेतातून बाहेर निघतानाची स्थिती त्याहून कठीण. मऊ पाणंदीवर पाच टक्के चढ असेल तर गाडीला सव्वादोन टन ओढ लागते. प्रोपेलर शाफ्टवर हा पिळाचा जोर किती? एक मीटर लांबीचा पाना घेऊन त्याच्या टोकाला सुमारे १७० किलो वजन टांगले, तर जितका पीळ बसेल तितका. आपल्या विहिरीवरची ५ अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची मोटार त्याच पान्यावर फक्त अडीच किलो उचलते. म्हणजे अडुसष्ट मोटारींचा जोर एका शाफ्टवर हवा. सुरुवातीच्या क्षणाला मोटार दुप्पट-अडीचपट जोर देते असे धरले तरी तिसाच्या आसपास मोटारी लागतील. जुना गिअरबॉक्स हेच काम फुकटात करतो. पहिल्या गिअरमध्ये तो इंजिनचा जोर सात-आठ पटीने वाढवतो, त्यामुळे इंजिनला पान्यावर तेवीस-चोवीस किलोच द्यावे लागतात. आणि आपला बेत काय, तर तोच गिअरबॉक्स भंगारात घालायचा!

म्हणून जाणकार लोक दोन प्रकार सांगतात. इंजिन फक्त वीज तयार करते आणि चाक फक्त मोटार फिरवते, तो सीरीज प्रकार. इंजिन-गिअरबॉक्स जागेवर ठेवून जोडीला मदतनीस मोटार देतात, तो पॅरलल प्रकार. जुन्या गाडीला किट बसवायचे तर दुसरा प्रकार सोयीचा. पुण्यात केपीआयटी आणि भारत फोर्ज या कंपन्यांनी २०१० मध्ये रेवोलो नावाचे किट जाहीर केले होते. तेही इंजिन जागेवर ठेवून त्याला मोटारीची जोड देणारे होते, आणि ते कारसाठी होते.

घरच्या घरी कुणी केलेच नाही का? केले आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात डेव्हिड आर्थर्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका ओपेल जीटी कारमध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे लहान इंजिन, विमानाच्या इंजिनाचा जुना स्टार्टर आणि बॅटऱ्या बसवून हायब्रिड तयार केली. ती गाडी त्यांच्या सांगण्यानुसार लिटरला तीसहून अधिक किलोमीटर चाले. माणूस हुशार, यात शंका नाही. पण ती दोन माणसांची हलकी कार होती. तिच्यावरून वीस टन उसाचा हिशेब करता येत नाही.

५. मग आपले डिझेल जाते कुठे?

आता एका खेपेचा नमुना हिशेब मांडू. शेत कारखान्यापासून ३० किलोमीटर आहे असे धरा. प्रत्येकाच्या गाडीचे आकडे वेगळे असतील; पद्धत लक्षात घ्यावी.

भरलेली ३० किलोमीटर, लिटरला ४ च्या हिशेबाने : ७.५ लिटर
रिकामी ३० किलोमीटर, लिटरला ६ च्या हिशेबाने : ५ लिटर
शेत ते डांबरी, मऊ रस्त्याची एक किलोमीटरची ये-जा : १.५ लिटर
भरताना आणि यार्डात मिळून ३ तास इंजिन नुसते चालू, तासाला दीड लिटर : ४.५ लिटर
एकूण : १८.५ लिटर

ब्रेकमधून परत मिळणारे एक लिटर. सीरीज बदलाने रस्त्यावरच्या १२.५ लिटरवर होणारे जादा नुकसान, उत्तम साहित्यात सव्वा लिटर आणि साध्या साहित्यात अडीच लिटरहून जास्त. म्हणजे एक मिळवले आणि सव्वा ते अडीच घालवले. निम्मे डिझेल वाचणे दूरच, उलट खर्च वाढला.

मात्र शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचा. साडेचार लिटर एक पाऊलही न हलता जळाले. रांगेत गाडी दोनशे मीटर सरकते असे धरले तर त्याला प्रत्यक्ष लागतात पाव युनिट. आणि साडेचार लिटरमध्ये असतात ४५ युनिट! आमच्या मते चोरी होते ती इथे, ब्रेकमध्ये नव्हे.

ड्रायव्हर इंजिन बंद का करीत नाहीत, हे आम्ही यार्डात विचारले. बहुतेकांचे उत्तर एकच : "बंद केली तर परत सुरू होईल याची खात्री नाही." बॅटरी उतरलेली, सेल्फचे कार्बन झिजलेले, डायनामो नीट चार्ज करीत नाही. विजेची मोटार हवी असे म्हणणाऱ्यांच्या गाडीत विजेची एक मोटार आधीच आहे. तिचे नाव सेल्फ. आधी ती ठीक करावी.

मऊ रस्त्याची ओळही दुर्लक्षू नये. डांबरीवर २५ टनांच्या गाडीला चाकांचे घर्षण किलोमीटरला ०.७ युनिट घेते. मऊ मातीत तेच तीन-साडेतीन युनिट होते. शेतातला एक किलोमीटर डांबरीच्या पाच किलोमीटरएवढा. काळ्या जमिनीत ओल असेल तर याहून वाईट. गाडी रुतली की ट्रॅक्टर लावून ओढायची पाळी येते आणि क्लच जातो तो वेगळाच.

६. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. गाडी कर्जाऊ असेल तर बँकेचे तारणही धोक्यात येते.

याचा अर्थ वाट बंद आहे असा नाही. २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांना हायब्रिड किंवा विद्युत किट बसविण्याची तरतूद झाली. त्यासाठीचा निकष एआयएस-१२३ या क्रमांकाचा असून ३५०० किलोपर्यंतच्या आणि त्यावरच्या वाहनांसाठी त्याचे वेगळे भाग आहेत. किट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजूर झालेले असावे, ते किट उत्पादकाने अधिकृत केलेल्या माणसाने बसवावे आणि मग परिवहन कार्यालयात नोंद व्हावी, असा क्रम आहे. अशा चाचणी संस्थांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात आहे, अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई. पुण्याची एआरएआय ही दुसरी. कुणी किट विकायला आला तर पहिला प्रश्न विचारावा : "मंजुरीचे प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचे? माझ्या गाडीच्या मॉडेलचे नाव त्यात आहे का?"

आणखी एक सावधगिरी. ट्रकच्या एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनवर चालतात. इंजिन उतरवले किंवा चालत्या गाडीत बंद केले की टाकीतली हवा संपेपर्यंतच ब्रेक लागणार आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होणार. कंपनीच्या हायब्रिड गाडीत यासाठी वेगळ्या मोटारी असतात. घरगुती बेतात त्यांचा विचार बहुधा राहून जातो. त्यात तीनशे-चारशे व्होल्टची डीसी वायर, खाली पाचट, वर फुपाटा. एक ठिणगी पडली तर गाडीसकट उभा फड पेटेल. तोडणी टोळीतली बायका-मुले गाडीभोवतीच वावरत असतात, हे कुणी विसरू नये.

७. या हंगामात काय करावे?

वाहतूकदारांनी :

अ) हंगामापूर्वी बॅटरी, सेल्फ आणि डायनामो तपासून घ्यावेत. दहा मिनिटांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद, हा नियम ड्रायव्हरला लावून द्यावा. सुरू करण्यापूर्वी हवेचा काटा मात्र पाहावा. हवा भरल्याशिवाय गाडी हलवू नये.

आ) टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, काट्यावर पाहावी. हातोडी मारून आवाजावरून ठरवू नये.

इ) जॅकवर चाक उचलून हाताने फिरवून बघावे. ब्रेक घासत असेल तर ते चाक रात्रंदिवस डिझेल पीत असते.

ई) एअर फिल्टर उसाच्या वाहतुकीत लवकर भरतो. धूर काळा दिसू लागला तर आधी फिल्टर, मग नोझल पाहावेत.

ऊस उत्पादक सभासदांनी :

अ) तोडणीच्या आधी १०-१५ दिवस उसाचे पाणी तोडावे. उताऱ्याला ते चांगलेच, शिवाय जमीन घट्ट होऊन गाडी रुतत नाही. शेजाऱ्याच्या पाटाचे पाणी पाणंदीवर येत नाही ना, तेही पाहावे.

आ) पाणंदीतले खड्डे हंगामापूर्वी मुरुमाने भरून घ्यावेत. चार-पाच सभासदांनी मिळून ट्रॉल्या टाकल्या तर एकावर बोजा पडत नाही.

इ) शक्य तिथे मोळ्या बांधापर्यंत आणून कडक जागेवर गाडी भरावी.

गट कार्यालय आणि यार्ड यांचीही जबाबदारी आहे. गाडी जागेवर उभी करून क्रमांकाच्या टोकनने बोलावली, तर सरकत राहण्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागत नाही. ज्या पाळीत टोकन पाळले जात नाही, त्या पाळीची तक्रार वाहतूकदारांनी लेखी द्यावी. तोंडी तक्रार पुढच्या पाळीपर्यंत विरून जाते.

८. वहीचा नमुना

हायब्रिड घ्यावे की न घ्यावे, याचा निर्णय आमच्या लेखावरून करू नये. स्वतःच्या वहीवरून करावा. प्रत्येक खेपेला पुढील नोंद ठेवावी : तारीख, शेत ते कारखाना अंतर, वजनकाट्यावरचे उसाचे निव्वळ वजन, टाकी काठोकाठ भरून मोजलेले डिझेल, इंजिन उभ्या जागी किती मिनिटे चालू होते, किती वेळा पूर्ण थांबावे लागले.

पंधरा दिवसांनी बेरीज करावी. थांबण्यांच्या संख्येला ६० मिलिलिटरने गुणावे, ते ब्रेकमधून परत मिळू शकणारे डिझेल. रिकाम्या खेपेला निम्मे धरावे. उभ्या इंजिनाच्या तासांना दीड लिटरने गुणावे, ते नुसते जळणारे डिझेल. कुठला आकडा मोठा येतो ते पाहावे. ज्याची गाडी गावातून पाच-सात किलोमीटरवरच फिरते आणि पन्नास वेळा थांबते, त्याचा हिशेब वेगळा येईल. त्याने मंजूर किटची चौकशी जरूर करावी. मात्र ३० किलोमीटरवरून ऊस आणणाऱ्याला आधी सेल्फ, टायर आणि पाणंद याच तीन जागी पैसा टाकणे फायद्याचे ठरेल, असे आमचे मत आहे.

तरुण वाहतूकदारांच्या डोक्यात नवे विचार येतात, ही चांगली गोष्ट आहे. ठिबक सिंचन आले तेव्हाही अनेकांनी नळ्या उंदीर कुरतडतील म्हणून टाळले होते, आणि ज्यांनी आधी एका एकरावर करून, पाणी मोजून पाहिले तेच पुढे गेले. इथेही तीच रीत. उचल घेण्यापूर्वी वही भरावी. कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागातील मंडळींना दाखवावी. तेही मोटार आणि कंट्रोलरची भाषा जाणतात. अनेक साखर कारखान्यांत पूर्वी वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या मिल्स आता विजेच्या मोटारींवर चालतात.

तरी इच्छुक वाहतूकदार व सभासदांनी पंधरा दिवसांच्या नोंदीची वही घेऊन आपापल्या गट कार्यालयात कामाच्या वेळेत यावे. हिशेब करायला शेतकी मदतनीस आणि आम्ही सोबत बसू.

— ऊस विकास अधिकारी